आधी बल्बपर्यंत व्होल्ट पोचवा, मग एलईडी विका

प्रति,
सोलापूर शहर आणि जिल्ह्यातले ऑटो इलेक्ट्रिशियन, अ‍ॅक्सेसरीजचे दुकानदार आणि जीप बांधून देणारे गॅरेजवाले यांस

विषय : जीप, थार, जिप्सी, बोलेरो या गाड्यांच्या हेडलाईटची कामं सध्या ज्या पद्धतीनं होतात त्याबद्दल

सप्रेम नमस्कार.

गाळप हंगाम तोंडावर आला की तुमच्या दारात जीपांची रांग लागते. कुणाला रात्रपाळीच्या विजेवर मोटर चालू करायला रानात जायचं असतं, कुणाला फडावर, तर कुणाला सुट्टीच्या दिवशी माळावर गाडी घालायची असते. मागणी एकच, उजेड वाढवून द्या. तुमचं उत्तरही आता एकच झालंय. बॉनेट उघडायचं, हॅलोजन उपसायचा, एलईडी बल्ब खोचायचा, समोरच्या शटरवर एकदा मारून दाखवायचा. 'बघा की मालक, दिवस उजाडला!' दहा मिनिटांत गाडी रस्त्यावर. हे पत्र त्या दहा मिनिटांबद्दल आहे.

आम्ही याच गाड्या चालवतो आणि याच रस्त्यांवर समोरून येणाऱ्यांचे दिवे डोळ्यांवर झेलतो. कोजागरीला तुळजापूर रोडला पायी निघालेली माणसं, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवरच्या दिंड्या, हंगामभर बार्शी, मंगळवेढा, अक्कलकोट कुठल्याही रस्त्याला मागं लाल रिफ्लेक्टरचा पत्ता नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या. डोळे दिपलेल्या ड्रायव्हरला यातलं काही दिसत नाही, आणि हे दिपवणारे दिवे तुमच्या-आमच्याच गावात बसवलेले असतात. आरटीओला पत्र लिहिता आलं असतं. पण दंड होतो तो दिवा बसल्यानंतर, आणि बसतो तो तुमच्या हातानं. म्हणून पत्र तुम्हाला.

पहिली तक्रार, आणि खरं तर बाकीच्या निम्म्या यातूनच निघतात : हॅलोजनला तुम्ही व्होल्टच देत नाही आणि मग हॅलोजन बाद ठरवता.

गोल सात इंची दिव्यातला साधा एच-४ बल्ब घ्या, ६०/५५ वॅटचा. १३.२ व्होल्ट मिळाले तर तो अप्परला (लांबच्या झोताला) सुमारे १,६५० आणि डिपरला (जवळच्या, खाली वळलेल्या झोताला) १,००० ल्युमेन देतो; ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप. फिलामेंटचा उजेड व्होल्टच्या साधारण ३.४ व्या घातानं बदलतो. म्हणजे व्होल्ट पाच टक्के पडले तर उजेड सोळा टक्के जातो, दहा टक्के पडले तर तीस टक्के. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट आणि बल्बच्या पिनेवर ११.९ असतील, तर उजेड सत्तावन्न टक्क्यांवर आलेला असतो. जुन्या जीपमध्ये हे सर्रास दिसतं, कारण बल्बचा सगळा करंट बॅटरीतून फ्यूज बॉक्स, लाईटचा स्विच, डिपरचा स्विच, दोन-तीन कनेक्टर आणि शेवटी मडगार्डच्या गंजलेल्या बोल्टावरच्या अर्थिंगमधून फिरतो. अप्परला दोन्ही बल्ब मिळून दहा-अकरा अँपियर खेचतात. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची आणि चार मीटर लांब असेल, तर दहा अँपियरला नुसत्या वायरीतच ०.९ व्होल्ट मरतात. स्विचचे काळे पडलेले पॉइंट आणि अर्थिंग वेगळंच. तीच वायर २.५ चौरस मिलिमीटरची टाकली तर नुकसान पाव व्होल्टावर येतं.

एलईडीला व्होल्ट थोडे कमी मिळाले तरी फरक पडत नाही, त्याच्या आतलं करंट राखणारं सर्किट ते सांभाळून घेतं. म्हणूनच तुमच्या शटरवरचा मुकाबला लबाडीचा आहे : एका बाजूला उपाशी ठेवलेला पैलवान, दुसऱ्या बाजूला जेवून आलेला. हॅलोजनला पोटभर द्या आणि मग गिऱ्हाईकाला निवडू द्या.

पोटभर देणं म्हणजे काय हे तुम्हाला सांगायची गरज नसावी, तरी सांगतो, कारण बाजारात 'रिले किट' म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच काम घाईचं असतं. रिले म्हणजे छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. बॅटरीच्या प्लसवरून ४ चौरस मिलिमीटरची मुख्य वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत ३० अँपियरचा फ्यूज. फ्यूज रिलेजवळ बसवला तर मधली वायर घासून बॉडीला टेकली की तिला वाचवायला कुणी नसतं. डिपरला एक रिले, अप्परला एक. ३० नंबरच्या पिनेला मुख्य वायर, ८७ वरून बल्ब, ८५ अर्थला, ८६ ला गाडीच्या जुन्या सॉकेटमधून येणारा इशारा. पाच पिनांचा रिले असेल तर मधली ८७ए मोकळी सोडा. तिच्यावर बल्ब जोडला तर स्विच बंद असताना दिवा पेटतो आणि सकाळी बॅटरी बसलेली मिळते. रिलेनंतर डाव्या दिव्याला वेगळा १० अँपियरचा फ्यूज, उजव्याला वेगळा. दोन्ही दिवे एकाच फ्यूजवर ठेवले की एक होल्डर शॉर्ट झाला तरी ८० च्या वेगात दोन्ही बाजूंनी अंधार. अर्थिंगची वायरही २.५ चीच घ्यायची, आणि मडगार्डवर न सोडता थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्यायची.

रिले उभा, पिना खाली तोंड करून बसवा. पिना वर असल्या की सीनेच्या पाण्यातून गाडी काढल्यावर किंवा नुसती धुतल्यावरही पाणी आत थांबतं आणि महिन्याभरात हिरवा थर चढतो. थिंबल (वायरीच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) चिमट्यानं दाबून वर हीट-श्रिंक नळी चढवा. काळी टेप सोलापूरच्या मे महिन्यात बॉनेटखाली टिकत नाही, गोंद सुटून लोंबायला लागते. वायर खरी तांब्याची आहे का तेही बघा. स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार असते. ब्लेडनं खरवडली की आतून पांढरी निघते, आणि तिचा रोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो. म्हणजे जाड वायरीचे पैसे घेऊन बारीक वायर दिल्यासारखंच.

काही गाड्यांत स्विच प्लस तोडत नाही, मायनस तोडतो. सॉकेटची सामायिक पिन कायम बारा व्होल्ट दाखवत असेल तर तीच गोष्ट आहे. तिथं ८५ आंधळेपणानं अर्थला जोडलं की एक तर रिले ओढतच नाही, नाही तर सोडतच नाही. मग 'किट खराब निघालं'. किट ठीक असतं, मीटर लावलेला नसतो.

दुसरी तक्रार हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब घालण्याची.

एच-४ बल्ब हातात घेऊन नीट बघा. डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते. ती खालच्या बाजूचा उजेड अडवते, म्हणून डिपरला रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग कामाला येतो आणि भिंतीवर वरून कापल्यासारखी सरळ रेघ पडते. डावीकडं ती रेघ पंधरा अंशांनी वर चढते, आपल्या बाजूची कडा आणि दगड दिसावेत म्हणून. हे सगळं फिलामेंट नेमक्या जागी असण्यावर अवलंबून आहे, मिलिमीटरच्या अंशापर्यंत. एलईडी बल्बमध्ये फिलामेंटच्या जागी एका पट्टीच्या दोन अंगांना चिपा असतात. पट्टीला जाडी असते, उजेड दोन बाजूंना जातो आणि वर-खाली कमी पडतो. रिफ्लेक्टरच्या हिशेबात हा उजेड कुठंच बसत नाही. मग तो बोनेटसमोरच्या पंधरा मीटरांत सांडतो, कापलेल्या रेघेच्या वरही सांडतो, आणि लांबवर जिथं हवा तिथं कमी पडतो. ड्रायव्हरला वाटतं भरपूर दिसतंय, कारण नाकासमोर लख्ख आहे. पण जवळचा उजेड जितका जास्त, तितक्या डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात आणि लांबचं कमी दिसतं. शटरवर दोन मीटरवरून मारून दाखवलं की हे कळूच शकत नाही.

शिवाय शटरवर दाखवता तेव्हा बल्ब थंड असतो. पाठीमागचा पंखा काळ्या मातीच्या धुळीनं बसला की चिप तापते आणि बल्बमधलं सर्किट करंट कमी करतं. बल्ब जळत नाही, नुसता मंद होतो, त्यामुळं गिऱ्हाईक परतही येत नाही. आणि हीटसिंक आत जात नाही म्हणून मागची रबरी टोपी कापून टाकायची, हा तर आता रिवाजच झालाय. त्या भोकातून धूळ आणि दमट हवा आत जाते आणि रिफ्लेक्टरचा पारा (आतला चकाकता मुलामा) उडायला लागतो. एकदा पारा गेला की पुन्हा चांगल्यातला चांगला हॅलोजन घातला तरी उजेड येत नाही, अख्खा दिवाच बदलावा लागतो. तीनशे रुपयांच्या कामासाठी कुणी चांगला रिफ्लेक्टर खराब करत असेल तर त्याला दुरुस्ती कशी म्हणायची?

कुणी म्हणेल, चांगल्या कंपनीचे एलईडी बल्ब बरोबर रेघ पाडतात. काही पाडतात, पण सगळ्या दिव्यांत नाही. जर्मनीत २०२० पासून काही ठरावीक एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, तीही ठरावीक गाडीच्या ठरावीक दिव्यात तपासून, यादी करून. आपल्याकडं 'एच-४ आहे ना, बसतो' एवढीच यादी आहे.

१००/९० वॅटच्या बल्बांबद्दल थोडक्यात. रस्त्यावर ते चालत नाहीत, जुन्या वायरिंगवर तर अजिबात नाहीत. प्लास्टिकच्या रिफ्लेक्टरला वरून फोड येतात, होल्डर वितळून पिनेला चिकटतो. ज्यांना हॅलोजनमध्येच जास्त हवं त्यांना ६०/५५ चाच, पण बारीक आणि अचूक गुंडाळलेल्या फिलामेंटचा बल्ब द्या. त्याचं आयुष्य कमी असतं हेही सांगा. निळ्या काचेचे बल्ब मात्र कुणालाच देऊ नका. निळी काच उजेड गाळते, वाढवत नाही, फक्त गोरा दिसतो. आणि कुठलाही हॅलोजन काचेला बोट न लावता बसवा. तेलाचा डाग पडला की तिथं काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. डाग पडलाच तर स्पिरिटनं पुसा.

तिसरी तक्रार अख्खा सात इंची एलईडी दिवा विकताना होणाऱ्या गफलतीची. हा मार्ग खरं तर योग्य आहे. लेन्स, रिफ्लेक्टर, चिप, सगळं एकमेकांसाठी बनवलेलं असतं आणि रेघ स्वच्छ पडते. पण जीपच्या सामानात बराच माल अमेरिकी बाजारासाठी बनलेला येतो. तिथं वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं. त्यांच्या दिव्याचा उजेड उजवीकडं वर चढतो, म्हणजे आपल्याकडं नेमका समोरून येणाऱ्याच्या काचेत. स्क्रू कितीही फिरवले तरी हे सुटत नाही, कारण तो दिव्याच्या घडणीतच आहे. काचेवरची खूण वाचा. गोलातलं ई आणि आकडा म्हणजे युरोपच्या नियमांनी तपासलेला दिवा. त्याच्या जवळ, समोर उभं राहून बघितल्यावर उजव्या हाताकडं टोक असलेला बाण असेल तर तो डाव्या बाजूच्या वाहतुकीचा, म्हणजे आपल्या कामाचा. दोन्हीकडं टोक असलेला बाण असेल तर दोन्हीकडं चालतो. बाणच नसेल तर तो उजव्या बाजूच्या वाहतुकीचा. डीओटी (DOT) एवढीच अक्षरं असतील तर तो अमेरिकेचा. हे बघायला अर्धा मिनिट लागतो. पेटीवर इंग्रजीत काय छापलंय त्याला काही अर्थ नाही, काचेत कोरलेलं बघा.

नव्या गाड्यांत दिव्यांवर कंट्रोल युनिटची नजर असते. वायर सोलून तिथं टॅप मारला की डॅशबोर्डवर इशारा पेटतो आणि वॉरंटीचा वाद मालकाच्या गळ्यात पडतो. सॉकेटला सॉकेट जोडणारं हार्नेस (तयार वायरींचा जुडगा) असेल तरच हात लावा, गाडीची मूळ वायर कापू नका.

चौथी तक्रार सगळ्यात स्वस्तात मिटणारी आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी : फोकस सेट न करणं.

दिवा काढला, बसवला, बल्ब बदलला, स्प्रिंग चढवल्या, टायर मोठे केले, यातलं काहीही केलं की फोकस पुन्हा लावावाच लागतो. लागतं काय? सपाट जागा, भिंत, मेजपट्टी, खडू आणि स्क्रूड्रायव्हर. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसलेला, टाकी अर्धी. दिवा भिंतीपासून १० मीटरवर. दिव्याच्या मध्यापर्यंतची उंची जमिनीपासून मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर आडवी रेघ मारा. दिवा ८० सेंटिमीटरच्या आत असेल तर त्या रेघेच्या १० सेंटिमीटर खाली दुसरी रेघ. लिफ्ट केलेल्या जीपचा दिवा मीटरभर वर गेला असेल तर १५ सेंटिमीटर खाली. गाडीवर कंपनीनं टक्केवारी लिहिलेली असेल तर तीच धरा, एक टक्का म्हणजे १० मीटरवर १० सेंटिमीटर. डिपर लावा, एक दिवा गोणपाटानं झाका आणि दुसऱ्याची कापलेली रेघ खालच्या खडूच्या रेघेवर आणा. मग बाजू बदला. चढण जिथून सुरू होते तो कोपरा त्या-त्या दिव्याच्या बरोबर समोर यायला हवा. दुकानापुढं १० मीटर जागा नसेल तर ५ मीटरवर निम्मं माप घ्या. रात्रीच करायला हवं असंही नाही, संध्याकाळी शटर अर्धं ओढलं तरी रेघ दिसते.

खाली म्हणजे किती, यावर नेहमी वाद होतो, म्हणून हिशेब मांडतो. दिवा १ मीटर उंचीवर आणि कल दीड टक्का असेल तर रेघ ६७ मीटरवर जमिनीला टेकते. ८० च्या वेगात दीड सेकंद प्रतिक्रियेचा आणि कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक धरला तर गाडी थांबायला ७० मीटरच्या आसपास लागतात. म्हणजे डिपरवर ८० हीच खरी हद्द. त्यापुढं पळायचं तर समोर कुणी नसताना अप्पर हवा. डिपर वर उचलणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

आता जीपची खास गोष्ट. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सुमारे २.४ मीटर. मागं चार माणसं आणि दोन पोती बसली आणि मागची बाजू ५ सेंटिमीटर दबली, की नाक दोन टक्क्यांनी वर जातं. दीड टक्का खाली लावलेला दिवा अर्धा टक्का वर बघायला लागतो. जो माणूस रोज माणसं भरून रानात जातो त्याचा फोकस रिकाम्या गाडीवर लावून काय उपयोग? विचारा त्याला, गाडी कशी भरलेली असते. त्याप्रमाणं लावा, किंवा मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचं काम आधी करायला सांगा.

पाचवी तक्रार लाईट बारची, म्हणजे एलईडीच्या लांब आडव्या पट्टीची. टपावर चाळीस इंची बार लावून विजापूर रोडला फिरणारी गाडी सगळ्यांनी पाहिलीय. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १११ स्पॉट लाईट आणि सर्च लाईटला नोंदणी प्राधिकाऱ्याच्या आधी घेतलेल्या परवानगीशिवाय मनाई करतो. नियम १०६ सांगतो की ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटरवर ज्याचे डोळे आहेत त्याला दिवा दिपवता कामा नये. त्या मापात मोटारसायकलवाला बसतो, पायी चालणारा बसतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२ए प्रमाणं, परवानगीबाहेर गाडीत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. गिऱ्हाईकाला बार विकताना हे कुणी सांगतं का?

खासगी रानात, खडकाळ वाटेवर बारचा उपयोग आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण टपावरच्या बारचा उजेड बॉनेटवर आपटून ड्रायव्हरच्याच डोळ्यात येतो, आणि पुढच्या गाडीनं धूळ उडवली की समोर पांढरी भिंत उभी राहते. धुळीत कामाला येतो तो बंपरखालचा, रुंद पसरणारा, पिवळसर दिवा, डोळ्यांच्या रेषेपासून जितका खाली तितका बरा. आडवा बार ग्रिलसमोर लावणार असाल तर रेडिएटरची हवा अडते, उन्हाळ्यात चाळीसच्या वर पारा असताना चढावर इंजिन तापल्याची तक्रार घेऊन तोच माणूस तुमच्याकडं येणार. जोडणी अशी करा की बारच्या रिलेचा इशारा अप्परच्या वायरीवरून, मध्ये वेगळा स्विच घालून येईल. डिपर मारला की बार आपोआप विझला पाहिजे. आणि रस्त्यावर त्याला उजेड झाकणारी टोपी घातलेली हवी.

नान्नजच्या बाजूला मालढोक अभयारण्याची माळरानं आहेत. काळवीट, लांडगे तिथं रात्री फिरतात. तिथं बार लावून गाडी घालण्यासाठी कुणी सेटअप मागत असेल तर काम नाकारा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ तिथं लागू आहे, आणि दिव्यानं थिजलेलं जनावर हा खेळ नव्हे.

पेटीवरच्या वॅटांबद्दलही एक. '१८० वॅट' छापलेला बार क्लॅम्प मीटरवर चार-साडेचार अँपियर खेचत असेल तर तो पन्नास-पंचावन्न वॅटचा आहे, बाकीचे वॅट शाईचे. तुमच्याकडं मीटर असतो. गिऱ्हाईकासमोर लावा. याउलट खरोखर जास्त खेचणारा बार असेल तर अल्टरनेटरचा (इंजिनावर चालून वीज पुरवणाऱ्या यंत्राचा) हिशेब घ्या. सगळे दिवे, ब्लोअर, हॉर्न चालू ठेवून आयडलवर बॅटरी १३ च्या खाली जात असेल तर अजून एक दिवा लावणं म्हणजे बॅटरी बदलायची तारीख जवळ आणणं.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

हेडलाईटचं कुठलंही काम सुरू करण्याआधी, इंजिन चालू आणि दिवा चालू असताना, बॅटरीवरचे आणि बल्बच्या पिनेवरचे व्होल्ट मोजून मालकाला दाखवा. फरक अर्ध्या व्होल्टाहून जास्त असेल तर पहिलं काम वायरिंग आणि अर्थिंगचं. बल्ब बदलायचा विषय त्यानंतर.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी किंवा एचआयडी (झेनॉन) बल्ब घालणं बंद करा. एलईडी हवाच असेल तर अख्खा दिवा, डाव्या वाहतुकीची खूण वाचून. रबरी टोपी कापायची नाही. पारा गेलेल्या दिव्यात नवा बल्ब विकायचा नाही, दिवा बदला म्हणून सांगायचं, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

दुकानासमोरच्या भिंतीवर किंवा शटरवर फोकसच्या रेघा कायमच्या रंगवून ठेवा. १० मीटरवर जमिनीतही पांढरा पट्टा मारा. दिव्याला हात लागलेली एकही गाडी त्या पट्ट्यावर उभी केल्याशिवाय सोडू नका. याचे वेगळे पैसे घ्या, आम्ही देऊ. आतापर्यंत फुकटात होत नाही म्हणून ते होतच नाही, असं आमचं मत आहे.

लाईट बार विकताना टोपी सोबत द्या, अप्परशी जोडलेला रिले सोबत द्या, आणि रस्त्यावर लावायचा नाही हे तोंडानं सांगा. टपावर बसवायला नकार द्या.

आणि बिलावर लिहा : वायर किती चौरस मिलिमीटरची, तांब्याची का, फ्यूज किती अँपियरचे आणि कुठं बसवले, काम झाल्यावर बल्बवर व्होल्ट किती, भिंतीवर रेघ किती सेंटिमीटर खाली. पाच ओळी होतात. रात्री रानात दिवा गेला तर पुढचा मिस्त्री त्याच पाच ओळी वाचून फ्यूज शोधेल.

जीपवाल्यांनाही याच पत्रात सांगणं आहे, कारण दुकानदार एकटा दोषी नाही. तुम्ही 'सगळ्यात भारी टाका' म्हणता म्हणून तो टाकतो. पुढच्या वेळी दुकानात शिरल्यावर पहिला प्रश्न 'किती वॅट' हा नको, 'बल्बवर किती व्होल्ट येतात' हा विचारा. मिस्त्री मीटर काढायला गेला तर त्याच्याकडंच काम द्या. 'त्याची गरज नाही' म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

ज्या दुकानदारांना पट्टा आखायला, पहिली एखादी गाडी भिंतीवर लावून बघायला कुणी सोबत हवं असेल, त्यांनी बोलवावं. मेजपट्टी, खडू आणि मीटर आम्ही घेऊन येऊ. गोणपाट तुमच्याकडं असेलच.

आपले,
सोलापूरचे रात्री गाडी चालवणारे काही जीपवाले